येणारे संदेश आपोआप योग्य रांगेत: कोल्हापूरच्या व्यावसायिकांकडून वारंवार येणारे प्रश्न

चप्पल लाईनमधलं दुकान असो, शिरोलीतली फाउंड्री असो की मार्केट यार्डातली गुळाची पेढी, अडचण सगळीकडे सारखीच. संदेश एका फोनवर आणि एका मेलवर येतात, कामं मात्र चार जणांची असतात. ही वाटणी यंत्राकडून कशी करून घ्यायची याबद्दल आम्हाला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात पायापासून आहे, अडचणीचे प्रसंग शेवटी आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संदेश आपोआप रांगेत लावायचे म्हणजे नेमकं काय होतं?

पोस्टातली छाननी डोळ्यांसमोर आणा. छाननी करणारा माणूस पत्र उघडत नाही. पिनकोडचे पहिले तीन आकडे बघतो आणि पत्र ठरलेल्या थैलीत टाकतो. कोल्हापूर शहराचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात, तेवढं त्याला पुरतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला तो याचसाठी, की गावाचं नाव कसंही लिहिलेलं असलं तरी पत्र योग्य दिशेला लागावं.

तुमच्याकडेही तीन गोष्टी लागतात: संदेश येण्याची जागा (व्हॉट्सॲप, मेल, वेबसाइटवरचा फॉर्म), छाननीचे नियम आणि कामाच्या रांगा. रांग म्हणजे नुसतं फोल्डर नाही. फोल्डरमध्ये संदेश पडून राहतो. रांगेतल्या प्रत्येक संदेशाला एक मालक, म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा माणूस, असतो, तो कधी आला याची नोंद असते आणि तो नवा, हातात घेतलेला की संपलेला हे दिसतं. यातलं मालक हे अंग नसेल तर बाकी सगळं करून काही उपयोग होत नाही. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

२. आम्ही तिघंच आहोत. आम्हाला याची गरज आहे का?

तिघं एकाच खोलीत बसत असाल आणि दिवसाला तीस-चाळीस संदेश येत असतील तर नाही. एक वही पुरेल. गरज कधी लागते ते दोन खुणांवरून कळतं. एक, एकाच गिऱ्हाइकाला दोघांनी दोन वेगळे दर सांगितले. दोन, "मला वाटलं तू बघितलंस" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. दुसरी खूण जास्त गंभीर आहे, कारण त्यात गिऱ्हाईक न भांडता निघून जातं.

३. व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या ॲपमध्ये हे जमतं का?

थोडंसं. त्यात लेबलं आहेत, झटपट उत्तरं आहेत, स्वागताचा आणि गैरहजेरीचा संदेश आहे. मूळ फोनबरोबर आणखी चार उपकरणं जोडता येतात. पण लेबल माणसाने हाताने लावायचं असतं आणि अमुक संदेश अमक्याचा अशी वाटणी ॲप करत नाही. स्वागताचा संदेशही प्रत्येक वेळी जात नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काहीच बोलणं न झालेल्याला तो जातो. "पोच का गेली नाही" असं बरेच जण विचारतात, त्याचं कारण हे.

खरी आपोआप वाटणी हवी असेल तर व्हॉट्सॲपचा एपीआय घ्यावा लागतो, म्हणजे त्याचं उघडं दार, ज्यातून संदेश थेट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात. तो बहुतेक जण सेवादात्या कंपनीमार्फत घेतात. करार करण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: आहे तो क्रमांक ॲपवरही चालू राहील का, आणि आम्ही तुम्हाला सोडलं तर क्रमांक व जुने संदेश आमच्याकडे राहतील का.

४. रांगा किती कराव्यात?

जेवढी वेगळी कामं वेगळी माणसं करतात तेवढ्या, त्याहून एकही जास्त नाही. चपलेच्या दुकानाला चार पुरतात: नवी ऑर्डर, माल कुठे आहे, बदली व तक्रार, आणि इतर. फाउंड्रीत इन्क्वायरी, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), रिजेक्शन, हिशेब आणि इतर. लोक उत्साहाने बारा रांगा करतात आणि महिन्याभरात त्यातल्या आठ कोणी उघडत नाही. रांगेचं नाव घेतल्यावर एका माणसाचं नाव तोंडात आलं नाही, तर ती रांग काढून टाका.

५. नियम लिहायला सुरुवात कुठून करू?

कॉम्प्युटरपासून नाही. मागचे दोनशे खरे संदेश काढा. सणासुदीचे वेगळे आणि साध्या आठवड्यातले वेगळे, असे दोन्ही घ्या. प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहा की हा कोणाच्या हातात जायला हवा होता. शक्य झालं तर दोघांनी एकमेकांचं न बघता लिहा. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तिथे यंत्रही चुकणार, आणि तो दोष यंत्राचा नसेल. तुमच्यातच ते काम कोणाचं हे ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे दोनशे संदेश जपून ठेवा. पुढे प्रत्येक नवा नियम आधी यांच्यावर चालवून बघायचा आहे.

६. नियम कोणत्या क्रमाने लावायचे?

ज्याबद्दल खात्री जास्त ते आधी. प्रथम पाठवणाऱ्याची ओळख: हा क्रमांक आपल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा आहे का, हा मेल नेहमीच्या कारखान्याकडून आला आहे का. मग ऑर्डर किंवा बिल क्रमांक. मग गिऱ्हाइकाने दाबलेलं बटण (प्रश्न ९). मजकुरातले शब्द सगळ्यांत शेवटी, कारण शब्द सगळ्यांत जास्त फसवतात. कशातच न बसलेला संदेश "इतर"मध्ये जातो (प्रश्न १२).

क्रमाबाबत मेलमध्ये एक फरक लक्षात ठेवा. आउटलुकमध्ये नियम वरून खाली चालतात आणि "यापुढचे नियम थांबवा" अशी खूण करता येते. जीमेलमध्ये तशी सोय नाही. जुळणारे सगळे फिल्टर लागू होतात, म्हणून एका मेलवर तीन लेबलं बसू शकतात. जीमेल वापरणाऱ्यांनी प्रत्येक फिल्टरमध्ये "हे शब्द नसावेत" हा रकाना भरायची सवय लावून घ्यावी.

७. "गूळ" शब्दावर नियम लावला, तरी गुळाचे अर्धे संदेश "इतर"मध्ये का जातात?

सगळ्यांत जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं कारण मराठीचं सामान्यरूप. गिऱ्हाईक "गूळ" असं क्वचितच लिहितं. "गुळाचा दर", "गुळाच्या ढेपा", "गुळात खडे निघाले" असं लिहितं. प्रत्यय लागला की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो आणि यंत्राच्या दृष्टीने "गूळ" व "गुळा" हे वेगळे शब्द आहेत. "चप्पल"चंही तसंच. "चपलेचा अंगठा तुटला" या वाक्यात जोडाक्षराचा "चप्पल" कुठेच नाही. "पावती"चं "पावत्या" होतं, "पैसे"चं "पैशांचं". म्हणून नियमात शब्द लिहू नका, शब्दाची सगळी रूपं लिहा: गूळ, गुळ, गुळा. चप्पल, चपल, चपले, चपला. "गुळ" हे रूप शुद्धलेखनात बसत नसलं तरी नियमात ठेवाच, कारण घाईत लोक तसंच लिहितात.

शब्दाचा तुकडा शोधणाऱ्या प्रणालीत "गुळ" एवढं टाकलं तरी "गुळाचा", "गुळाच्या" सापडतात. जीमेलचा शोध मात्र अख्खा शब्द जुळवतो, तुकडा नाही. तिथे "गुळाचा, गुळाची, गुळाचे, गुळाच्या, गुळात" असं एकेक लिहावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

दुसरं कारण एकाच शब्दाचे दोन अर्थ. "परत" बघा. "ही जोडी परत पाठवायची आहे" ही तक्रार, आणि "तसलीच जोडी परत पाहिजे" ही आनंदाने दिलेली नवी ऑर्डर. नुसत्या "परत"वर नियम लावला तर समाधानी गिऱ्हाईक तक्रारीच्या रांगेत जाऊन बसतं. "चुक" या तुकड्याचंही तसंच: "चुकीचा माल आला" आणि "बिल चुकते केले" दोन्ही त्यात अडकतात. अशा शब्दांना जोडीदार द्या: "परत" अधिक "पाठव" किंवा "घ्या" असेल तर बदली, "परत" अधिक "पाहिजे" किंवा "हवी" असेल तर ऑर्डर.

तिसरं कारण आपली बोली. गिऱ्हाईक "माल अजून पोहोचला नाही" असं पुस्तकी लिहीत नाही. "आजून आलं न्हाई", "कवा मिळणार", "पोचलं का ओ" असं लिहितं. नियम तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडच्या भाषेत हवेत, आणि ती भाषा प्रश्न ५ मधल्या दोनशे संदेशांतच सापडते.

चौथं कारण डोळ्यांना दिसतच नाही. "दुसऱ्या साइजची द्या" यातला "ऱ्या" वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या सांकेतिक खुणांनी उमटतो. कुठे स्वतंत्र "ऱ", कुठे साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. "ॲडव्हान्स"मधला "ॲ"ही असाच दोन प्रकारे लिहिला जातो: एकाच खुणेचा, किंवा अ वर चंद्र देऊन. म्हणून जुळवणी करण्याआधी मजकूर एका साच्यात आणायला तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगा. युनिकोडचं, म्हणजे अक्षरांच्या या सांकेतिक खुणांच्या पद्धतीचं, प्रमाणरूप करणं पुरेसं नाही, कारण त्याने हे अदृश्य चिन्ह जात नाही आणि दोन प्रकारचे "ॲ" एक होत नाहीत. तो बदल वेगळा लिहून घ्यावा लागतो. अदृश्य चिन्ह नुसतं पुसूही नका. तसं केलं तर "ऱ्या"चा भलताच "र्या" होतो. त्या जागी "ऱ" आणायचा असतो. त्याच वेळी देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे एकच करून घ्या, नाहीतर मराठी कीबोर्डवरून टाकलेला ऑर्डर क्रमांक कधीच सापडणार नाही.

८. बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात. त्याचं काय?

तीच यादी रोमन लिपीत वेगळी करा. स्पेलिंगचा नियम कोणी पाळत नाही, "आहे" एकटंच तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. त्यामुळे क्रियापदांच्या मागे लागू नका, नामं धरा: चप्पल, ऑर्डर, पार्सल, बिल, साइज. ती कमी बदलतात. हिंदी आणि कन्नड मिसळलेले संदेश सीमाभागातून येतातच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, म्हणजे हा धंदा पूर्वीपासूनच दोन भाषांत चालतो. कन्नड वाचणारं कोणी असेल तर त्या लिपीतला संदेश थेट त्यांच्याकडे पाठवा. लिपी ओळखणं यंत्राला सोपं असतं.

९. गिऱ्हाइकाला बटणांचा मेनू दिला तर शब्दांची कटकट टळेल ना?

बरीच टळते. व्हॉट्सॲपच्या एका संदेशात तीन उत्तर-बटणं देता येतात, किंवा दहा ओळींपर्यंतची यादी. बटणावर २० खुणा मावतात आणि मराठीत इथेच अडतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त असं सगळं वेगळं मोजलं जातं. "तुटक्या मालाची तक्रार" यात डोळ्यांना नऊ अक्षरं दिसतात, यंत्राला मोकळ्या जागा धरून २१ खुणा दिसतात, आणि बटण नाकारलं जातं. "तक्रार", "माल कुठे?", "नवी ऑर्डर" असं आटोपशीर लिहा.

मेनूच्या आत मेनू देऊ नका. वयस्कर गिऱ्हाईक, खास करून खेड्यातलं, बटणाकडे न बघता सरळ लिहितं किंवा बोलून पाठवतं. "कृपया पर्याय निवडा" असं त्याला तीनदा सुनावणं हा अपमान आहे. बटण दाबलं नाही तर शब्दांचे नियम लावा, तेही जमलं नाही तर माणसाकडे द्या.

१०. जुने मेलही नव्या नियमाने लागतील का?

जीमेलमध्ये फिल्टर करताना "जुळणाऱ्या जुन्या मेलनाही लावा" या चौकटीत टिक केली तर लेबल जुन्यांनाही लागतं. मात्र पुढे पाठवणं, म्हणजे फॉरवर्ड, फक्त यापुढे येणाऱ्या मेलना लागू होतं.

फॉरवर्डवरच सगळी वाटणी उभी करू नका. मेल मधल्या पत्त्यावरून पुढे गेला की मूळ पाठवणाऱ्याची सर्व्हर-तपासणी बिघडते आणि चांगले मेल स्पॅममध्ये जातात. एक सामाईक पत्ता, त्यात सगळ्यांना प्रवेश आणि आतल्या आत वाटणी, हा मार्ग टिकाऊ आहे.

११. एका रांगेवर तिघं आहेत. संदेश तिघांत कसे वाटावेत?

पाळीपाळीने वाटणं दिसायला न्याय्य, पण एकाला "दर काय?" असे पाच संदेश येतात आणि दुसऱ्याला पाच किचकट तक्रारी. ज्याच्या हातात सध्या कमी कामं आहेत त्याला देणं त्याहून बरं. लहान ठिकाणी आम्ही तिसरी पद्धत सुचवतो: संदेश रांगेत थांबतो आणि मोकळा झालेला माणूस वरचा उचलतो. मधून निवडून उचलायची मुभा नसावी, नाहीतर अवघड कामं तळाशी साचतात.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला नेहमीचाच माणूस मिळावा, हीही रास्त अपेक्षा आहे. आधीचं बोलणं ज्याच्याशी झालं त्याच्याकडे संदेश जाऊ द्या, पण तासाभरात त्याने हात लावला नाही तर तो सगळ्यांसाठी खुला व्हावा. माणूस रजेवर गेला आणि त्याच्या नावावरचे संदेश तसेच अडकले, असं या एका अटीअभावी होतं.

१२. "इतर" रांग कशाला? नियम चांगले केले तर ती रिकामीच राहील ना?

नाही राहत, आणि राहूही नये. ती रिकामी दिसू लागली तर समजा, तुमचे नियम ओढूनताणून काहीही कशातही बसवत आहेत.

आमच्या सुरुवातीच्या कामांपैकी एका फाउंड्रीत "इतर" रांगेला मालकच ठेवला नव्हता. ती चूक आमची होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने कास्टिंगमध्ये भोकं निघाल्याचं कळवताना "रिजेक्शन" हा शब्द न वापरता "मटेरियल बघून घ्या जरा" एवढंच लिहिलं होतं. तो मेल नऊ दिवस "इतर"मध्ये पडून होता. कोणताही नियम मोडला नव्हता, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तेव्हापासून "इतर"ला मालक मिळाल्याशिवाय आम्ही कुठलीही प्रणाली चालू करत नाही. तो मालक धंदा ओळखणारा, अनुभवी माणूस असावा. नव्या पोराला तिथे बसवू नका. ज्या संदेशांचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही ते इथेच येतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोनंतर कोल्हापुरी चपलेची जगभर चर्चा झाली. तशा वेळी येणारी परदेशी चौकशी किंवा पत्रकाराचा प्रश्न कुठल्या नियमात बसणार होता?

दर शनिवारी "इतर"मधले संदेश एकत्र बघा. एकाच तऱ्हेचे पाच दिसले की नवा नियम लिहायची वेळ झाली.

१३. एकाच संदेशात ऑर्डर पण आहे आणि तक्रार पण. कुठे टाकायचा?

तक्रारीत. ऑर्डर दोन तास थांबू शकते, चिडलेला माणूस थांबत नाही. तक्रार बघणाऱ्याला एक बटण द्या, ज्याने त्याच संदेशाचं दुसरं काम ऑर्डरच्या रांगेत तयार होईल आणि दोन्ही कामं एकमेकांना जोडलेली राहतील. अख्खा संदेश एका रांगेतून दुसरीकडे ढकलू नका, पहिलं काम विसरलं जातं.

१४. लोक एक वाक्य पाच संदेशांत तोडून पाठवतात. पाच कामं तयार होतात. उपाय?

"दादा", "ते मागच्या वेळचं", "चप्पल", "८ नंबर", "अजून आलं नाही". हे पाच संदेश म्हणजे एक काम. पहिला संदेश आला की यंत्राला थोडं थांबवा, साधारण ६० ते ९० सेकंद, आणि त्या क्रमांकावरून तेवढ्या वेळात आलेलं सगळं जोडून मग नियम लावा. त्या गिऱ्हाइकाचं काम आधीच उघडं असेल तर नवा संदेश त्यालाच जोडला जावा.

मेलमध्ये ही जोडणी मेलच्या आतल्या "इन-रिप्लाय-टू" या नोंदीवरून होते. विषयाच्या ओळीवर विसंबू नका. वर्षापूर्वीच्या मेलला उत्तर देऊन नवी इन्क्वायरी पाठवणारे बरेच असतात, म्हणून बंद झालेल्या कामावर महिन्याभरानंतर काही आलं तर ते नवं काम धरा.

१५. व्हॉइस नोट आणि फोटो कसे वाटायचे?

फोटोबरोबर ओळ लिहिलेली असेल तर त्या ओळीवर नियम लावा. नसेल तर गिऱ्हाइकाचं शेवटचं काम बघा: माल नुकताच पोहोचला असेल आणि मागून नुसता फोटो आला, तर बहुधा ती तक्रार असते. व्हॉइस नोट आम्ही सरळ माणसाकडे देतो. बोलण्याचं मजकुरात रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रस्त्यावरच्या गोंगाटात आणि आपल्या बोलीत ती अडखळतात. शिवाय आवाजातला राग लेखी मजकुरात उतरत नाही. एपीआयवर असाल तर फोटोची लिंक पाच मिनिटांत मुदतबाह्य होते, तेव्हा सॉफ्टवेअरने फाइल लगेच उतरवून घ्यायला हवी.

१६. एकच संदेश दोनदा रांगेत येतो. गिऱ्हाइकाने तर एकदाच पाठवलाय.

एपीआय तुमच्या सर्व्हरला संदेश देतो आणि पोच मिळायची वाट बघतो. पोच वेळेत गेली नाही तर तो तोच संदेश पुन्हा देतो. हा दोष नाही, काही हरवू नये म्हणून केलेली सोय आहे. दोन गोष्टी करा: संदेश हातात पडताच आधी पोच द्या आणि छाननी मागाहून करा. आणि प्रत्येक संदेशाचा ओळख-क्रमांक जपून ठेवा, तो पुन्हा दिसला तर सोडून द्या.

१७. रात्रीत चारशे मेल आले, सगळे "आपला मेल मिळाला" असेच. काय झालं?

तुमच्या पोच देणाऱ्या यंत्राला समोरच्या पोच देणाऱ्या यंत्राने उत्तर दिलं आणि दोघं पहाटेपर्यंत बोलत राहिले. यावरचा तोडगा २००४ पासून मानकात आहे: आपोआप गेलेल्या मेलवर "ऑटो-सबमिटेड" ही नोंद लावायची आणि ती नोंद असलेल्या मेलला कधीही आपोआप उत्तर द्यायचं नाही. सगळेच ती नोंद लावत नाहीत, म्हणून एका पत्त्याला दिवसातून एकच पोच जाईल अशी मर्यादाही ठेवा.

१८. रविवारी आलेल्या तक्रारीला सोमवारी संध्याकाळी उत्तर दिलं, ते गेलंच नाही. का?

एपीआयवर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तासच मोकळं उत्तर देता येतं. त्यानंतर फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या साच्याचा, संदेश पाठवता येतो, आणि त्याला पैसे पडतात. म्हणून रांगेत प्रत्येक संदेशाच्या शेजारी उरलेला वेळ दिसू द्या आणि विसाव्या तासाला तो आपोआप वर येऊ द्या. सुट्टीच्या दिवसासाठी "तुमच्या तक्रारीवर बोलायचं आहे, आता चालेल का?" अशा धर्तीचा एक टेम्प्लेट मंजूर करून ठेवा. गिऱ्हाइकाने त्याला उत्तर दिलं की २४ तास नव्याने सुरू होतात.

१९. आता एआय सगळं ओळखतं. मग एवढे नियम कशाला?

एआय शब्दांच्या पलीकडचा अर्थ पकडतं, "परत"चे दोन अर्थही पुष्कळदा बरोबर ओळखतं. नियमांच्या खाली, "इतर"च्या वर, त्याला जरूर बसवा. पण ओळखीच्या क्रमांकावरून आलेला पीओ ओळखायला त्याची गरज नाही, तिथे साधा नियम स्वस्त आणि पक्का. त्याला तुमच्या रांगांची यादी आणि प्रत्येकीची दोन-तीन खरी उदाहरणं द्या, "खात्री नसेल तर इतर" हे स्पष्ट सांगा आणि प्रश्न ५ मधल्या दोनशे संदेशांवर पारखून घ्या. दर आणि माल पोहोचवायची तारीख मात्र त्याला स्वतःहून कळवू देऊ नका. तो शब्द तुमच्या पेढीचा असतो.

२०. गिऱ्हाइकांचे क्रमांक आणि पत्ते कोणी बघावेत?

ज्याचं काम त्याने, तेवढेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लहान धंद्यांनाही डोळ्यांआड करता येणार नाही. रांगांचा एक फायदा इथेही आहे: पॅकिंगवाल्याला पत्ता दिसतो, हिशेब दिसत नाही. कर्मचाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲपवर संदेश वाटू नका. माणूस नोकरी सोडतो तेव्हा गिऱ्हाईकही त्याच्या फोनमधून निघून जातं.

२१. हे नीट चाललंय हे कशावरून ओळखायचं?

तीन आकडे बघा: पहिल्या उत्तराला लागलेला वेळ, एका रांगेतून दुसरीकडे हलवावे लागलेले संदेश आणि सगळ्यांत जुना न उघडलेला संदेश. सरासरीपेक्षा तिसरा आकडा खरं सांगतो.

माणसं कमी पडतात का हे एका साध्या गुणाकाराने कळतं. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: रांगेतले संदेश बरोबर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. तासाला २० संदेश येतात आणि प्रत्येक संदेश सरासरी ३ तास रांगेत राहतो, तर कोणत्याही क्षणी ६० जण तुमची वाट बघत असतात. हा आकडा धंद्याच्या मालकाला सांगून बघा, "तीन तास" ऐकून त्याला जे वाटत नाही ते "साठ माणसं" ऐकून वाटतं.

२२. पूर आला की सगळी व्यवस्था कोलमडते. आधी काय करून ठेवावं?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि गाड्या अडकल्या. अशा वेळी "माल कुठे आहे" ही एकच रांग फुगते आणि ती सांभाळणारा माणूस कदाचित स्वतःच्या घरातलं सामान वरच्या मजल्यावर चढवत असतो.

म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, "पूर" नावाचा नियमांचा वेगळा संच तयार ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की तो चालू करायचा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात. माल अडकल्याचा टेम्प्लेट आधीच मंजूर केलेला असावा, तो ज्यांचा माल वाटेत आहे त्यांना त्यांनी विचारण्याआधी जावा. रांगेचा पर्यायी मालक पाण्याच्या बाहेरचा असावा, पुण्यातला भाऊ किंवा गडहिंग्लजची वहिनी, ज्यांना प्रवेश आणि सराव दोन्ही आधी दिलेले आहेत. आणि सुट्ट्या मालाच्या तक्रारींची मुदत आपोआप वाढावी.

साध्या ॲपवर असाल तर मूळ फोन कोण घेऊन बाहेर पडणार हे ठरवा. फोन बंद असला तरी जोडलेली उपकरणं चालतात, पण १४ दिवसांहून जास्त काळ फोन वापरलाच नाही तर ती आपोआप बाहेर पडतात.

संच बंद कोणी करायचा हेही लिहून ठेवा. पाणी ओसरल्यावर दुकान धुण्याच्या गडबडीत ते कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि महिन्याभराने गिऱ्हाइकाला अजून "महामार्ग बंद आहे" असा संदेश जात असतो.